खरवस जमला, पण प्रथिनं तुटली नाहीत

"अंडं उकडलं की त्यातलं प्रोटीन मरतं." "व्हे पावडर गरम दुधात घालू नका, प्रोटीन तुटून वाया जातं." दर आठवड्याला कुणीतरी हे मला ऐकवतं. मी अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हाच घोळ असतो. डीनेचरेशन आणि हायड्रोलिसिस या दोन वेगळ्या गोष्टींवर एकच 'नष्ट होणे' हा शब्द चिकटवलेला असतो. तो शब्द मी लाल शाईने खोडतो.

अमिनो आम्लं हे प्रथिनाचे छोटे घटक. ते पेप्टाइड बंधाने एकमेकांना जोडून प्रथिनाची माळ तयार होते. लक्षात ठेवायचं ते पुढचं. ही माळ मोकळी लोंबकळत नसते, ठरावीक घडी घालून बसलेली असते. ती घडी हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांचं आकर्षण आणि पाण्यापासून दूर आत दडलेल्या तेलकट बाजू यांच्यावर टिकते. काही प्रथिनांत गंधकाचे टाकेही असतात. प्रथिनाचं काम या घडीवर अवलंबून असतं.

डीनेचरेशनमध्ये घडी उलगडते, माळ शाबूत राहते. हायड्रोलिसिसमध्ये माळच तुटते आणि प्रत्येक तुटीला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. म्हणून मी वर्गात 'उलगडणं' आणि 'तुटणं' एवढे दोनच शब्द वापरतो.

आता उकळत्या पाण्याने घडी जाते, मग माळ का जात नाही? घडी धरून ठेवणारा एकेक दुवा कमकुवत असतो. गरमीने रेणू जोरात हलू लागले की ते सगळे एकदमच सुटतात. अंड्याच्या पांढऱ्यातली काही प्रथिनं साठ-पासष्ट अंशांनाच हार मानतात. पेप्टाइड बंधाची गोष्ट निराळी. साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, आपोआप अर्धे बंध तुटायला काही शतकं लागतील. प्रयोगशाळेत प्रथिनाची पूर्ण अमिनो आम्लं करायची तर तीव्र (6 मोलर) हायड्रोक्लोरिक आम्लात, बंद नळीत, 110 अंशांना 24 तास ठेवतात. स्वयंपाकघरातल्या दहा मिनिटांच्या वाफेची त्याच्याशी बरोबरी कशी होणार?

खरवस बघा. साध्या दुधात प्रथिनं तीन-साडेतीन टक्के, पहिल्या दिवसाच्या चिकात त्याच्या कितीतरी पट, आणि त्यांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचा. गूळ-वेलची घालून चीक वाफेवर ठेवला की ही प्रथिनं उलगडतात, आत दडलेल्या तेलकट बाजू उघड्या पडतात, त्या शेजारच्या रेणूच्या तशाच बाजूंना चिकटतात आणि जाळं तयार होतं. पाणी त्या जाळ्यात अडकतं. सुरीने वडी कापताना जो लुसलुशीत घट्टपणा हाताला लागतो, तो या जाळ्याचा. माळेतला मणी मात्र एकही गळलेला नसतो. माळा तुटल्या असत्या तर जाळं विणलंच गेलं नसतं, पातेल्यात पातळ पाणी राहिलं असतं.

पुरावा हवा असेल तर बाययुरेट चाचणी करा. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर कॉस्टिक सोडा आणि थोडं मोरचूद घातलं की जांभळा रंग येतो, कारण ही चाचणी पेप्टाइड बंध ओळखते. सुटी अमिनो आम्लं तो रंग देत नाहीत.

आणि 'वाया जातं' म्हणाल, तर उलट आहे. माणसांवर केलेल्या मोजमापात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे 90 टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम 50 टक्के. घट्ट घडीत आतल्या बंधांपर्यंत पाचकरस पोचत नाहीत, उलगडलेल्या माळेवर पोचतात. जठरातलं आम्ल आधी उलगडायचंच काम करतं, मग पेप्सिन हे जठरातलं पाचक विकर (एन्झाइम) माळ कापतं. तव्यावर करपवलेल्या पदार्थात साखरेशी संयोग होऊन थोडं लायसिन हे अमिनो आम्ल गमावतं, हे खरं. पण तो तिसराच मुद्दा आहे.

'डीनेचरेशन कायमचंच असतं' हेही चूक. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ अ‍ॅनफिन्सन यांनी 124 अमिनो आम्लांचं रायबोन्यूक्लिएज हे विकर 8 मोलर युरियात उलगडलं, गंधकाचे टाकेही सोडवले. युरिया काढून टाकल्यावर ते पुन्हा आपसूक घडी घालून कामाला लागलं. 1972 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना या विषयातल्या कामासाठी मिळालं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, कारण उलगडलेल्या माळांचा आपसात गुंता होतो.

पुस्तकं डीनेचरेशनचं उदाहरण म्हणून नासलेलं दूध देतात, ते मला पटत नाही. केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला मोडण्याजोगी पक्की घडी मुळातच फारशी नसते. लिंबाने त्याचा विद्युतभार नाहीसा होतो आणि सामू 4.6 च्या आसपास आला की त्याचे गोळे होतात. चीजसाठी रेनेट हे दूध गोठवणारं विकर वापरतात तेव्हा मात्र खरोखर कापाकापी असते, तीही कप्पा-केसीन या केसीनच्या एका प्रकारातल्या एका नेमक्या बंधावर. उदाहरण द्यायचंच तर खरवसाचं द्या.

दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी बघायच्या असतील तर जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांपासून मिळणाऱ्या प्रथिनाची, जेली करा. हिरवा ठिपका असलेलं पाकीट चालणार नाही, त्यात जिलेटिन नसतं. एका वाटीत कच्च्या अननसाच्या फोडी घाला, दुसरीत दहा मिनिटं उकळून गार केलेल्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पहिली वाटी पातळच असते: अननसातल्या ब्रोमेलेन या विकराने जिलेटिनच्या माळा कापून टाकल्या. दुसरी घट्ट जमलेली असते, कारण तिथे उकळण्याने ब्रोमेलेनचीच घडी उलगडली आणि कापणारं कुणी उरलं नाही.