रस्त्यावरच्या ड्रॅग गाडीची मागची बाजू: टायर घेण्याआधी हे वाचा

अ‍ॅम्बेसिडर किंवा पद्मिनी ड्रॅगसाठी (उभ्या गाडीतून सुटून सरळ रेषेतली थोड्या अंतराची शर्यत) तयार करायला इंदूरच्या सांवेर रोडला आमच्या वर्कशॉपवर येणारे बहुतेक जण आधी एकच विचारतात, मागे किती रुंद टायर बसेल? आम्ही मात्र आधी गाडी वर उचलून पाटे (मागच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे लीफ स्प्रिंग) बघतो. टायरचे पैसे नंतर खर्च करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारण असं. या दोन्ही गाड्यांत मागचा अ‍ॅक्सल लांब पाट्यांवर बांधलेला असतो. क्लच एकदम सोडला की चाकं पुढे फिरतात आणि हाऊसिंग (अक्सलचं बाहेरचं कवच) उलट्या दिशेने पिळतं, पिनियनचं (इंजिनचा जोर आत घेणाऱ्या छोट्या गिअरचं) तोंड वर उचललं जातं. पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. टायरची पकड सुटली की तो झटक्यात सरळ होतो, पकड आली की पुन्हा वाकतो. गाडी मागून थडथडते ती यामुळे, आणि युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा) किंवा क्राऊन-पिनियन (मागची गिअरची जोडी) तुटतात तेही बहुधा याच वेळी. अशा गाडीला जास्त पकडीचा टायर लावला तर पाट्यांवरचा पीळ आणखी वाढतो.

म्हणून पहिल्यांदा पाट्यांच्या टोकांतले झिजलेले बुश बदलायचे आणि पाटा धरून ठेवणारे यू-बोल्ट नीट कसायचे. पाट्याचा अ‍ॅक्सलपुढचा भाग क्लॅम्पने घट्ट बांधायचा, मागचा मोकळा ठेवायचा, म्हणजे रोजच्या खड्ड्यांत गाडी फार कडक लागत नाही. त्यानंतर ट्रॅक्शन बार. ही दांडी पाट्याखाली अ‍ॅक्सलला पक्की बसते, तिच्या पुढच्या टोकाला रबर असतं. हाऊसिंग पिळू लागलं की रबर पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली (टोकाच्या गोल कड्याखाली) टेकतं, पीळ थांबतो आणि तोच जोर टायर खाली दाबायला कामी येतो. रबराला खडू लावून ठेवला तर ते खरंच टेकतंय का, हे एका धावेत कळतं.

पिनियनचा कोन ट्रॅक्शन बार बसल्यावरच मोजायचा. नुसत्या पाट्यांवर पिनियनचं तोंड प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) रेषेपेक्षा साधारण ४ ते ६ अंश खाली ठेवतात. बार असेल तर त्याहून कमी पुरतं.

वजन मागे किती जातं तेही बघू. गाडी १,१०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी, व्हीलबेस अ‍ॅम्बेसिडरचा २,४६४ मिमी आणि वेगवाढ अर्धा जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी) धरली, तर सुमारे १२० किलो पुढून मागच्या चाकांवर येतात. हे वजन लवकर यावं म्हणून पुढचे शॉकअप उघडताना नरम हवेत. शाफ्टच्या पिळाने उजवं मागचं चाक हलकं होतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडेच बसतो, त्याचा इथे थोडा फायदा मिळतो.

आता टायर. ड्रॅग रेडियल (मऊ रबराचे, जास्त पकडीचे टायर) कोरड्या रस्त्यावर उत्तम, पण पावसाळ्यात आम्ही ते रस्त्यावर वापरू देत नाही. उथळ खाचांतून पाणी बाहेर पडत नाही. पुढे रेडियल आणि मागे बायस-प्लाय (आतले दोरे तिरपे असलेला जुन्या पद्धतीचा टायर) अशी जोडीही आम्ही लावत नाही, वेगात गाडी डोलते. हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजा. दर साडेपाच अंश तापमानामागे दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा मे महिन्याच्या दुपारी ५ पीएसआयने चढलेली दिसेल. धावेसाठी हवा उतरवली असेल तर घरी निघण्याआधी ती पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेवर हायवेला टायरची बाजू तापते आणि फुटते. किती हवा योग्य हे ट्रेडवर खडूची आडवी रेघ मारून कळतं: मधली आधी पुसली तर हवा जास्त, कडा आधी पुसल्या तर कमी.

टायरवर आयएसआय खूण आणि निदान १.६ मिमी खाच हवीच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. बायपास किंवा सुपर कॉरिडॉरवर पळवायची म्हणून गाडी आणलीत, तर आम्ही काम घेणार नाही. धाव बंदिस्त ट्रॅकवरच, रीतसर परवानगीच्या कार्यक्रमात.

येताना आरसी आणि जे रिम लावायचे आहेत ते सोबत आणा. टायर आधीच घेतले असतील तर बाजूवरचा चार आकडी तारीख-कोड बघून या. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी एक पूर्ण दिवस आमच्याकडे ठेवावी लागेल.