रोजची भाकर

रोजची भाकर : येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’तील चौथी विनंती, आणि तिच्याभोवती वाढलेली, हलाखीच्या दिवसांत देवाच्या औदार्यावर विसंबून राहण्याची ख्रिस्ती शिकवण व रीत. मराठी पवित्र शास्त्रात ती ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ (मत्तय ६:११) अशी आहे. लूकच्या शुभवर्तमानात (११:३) ‘आज’च्या जागी ‘रोज’ येते. मूळ ग्रीकमध्ये क्रियापदाचे रूपही वेगळे आहे : मत्तयाचे ‘दे’ एका वेळच्या देण्याचे, तर लूकचे ‘देत राहा’ अशा अर्थाचे. मागणारा एकटा असला तरी दोन्हीकडे ‘आमची’ असेच म्हणतो, ‘माझी’ नव्हे.

ग्रीक ‘आर्तोस’ म्हणजे गव्हाची किंवा जवाची भाजलेली भाकर. जवाची भाकर गरिबाघरची. येशूने पाच हजार लोकांना दिलेल्या भोजनातील पाच भाकरी जवाच्याच होत्या (योहान ६:९). मराठीत ‘भाकर’ हा शब्द ज्वारी-बाजरीच्या मुलखात जेवणाचा आणि पोटापाण्याचा, दोन्ही अर्थ पेलतो. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत याच जागी ‘गिरास’, म्हणजे घास, मागितला जातो.

‘एपिऊसिओस’चा वाद : ज्या शब्दाचे भाषांतर ‘रोजची’ असे होते तो ‘एपिऊसिओस’ हा शब्द या प्रार्थनेबाहेरच्या जुन्या ग्रीक वाङ्मयात खात्रीने कुठेच सापडत नाही. अलेक्झांड्रियाचा ओरिजेन याने इ. स. सु. २३३ मध्ये प्रार्थनेवरील आपल्या ग्रंथात नोंदवले आहे, की हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात आढळतो ना लोकांच्या बोलण्यात. तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा. ग्रीक ही ज्याची रोजची भाषा होती त्यालाच हा शब्द अनोळखी वाटला, हे ध्यानात घ्यावे लागते.

व्युत्पत्ती मुख्यतः तीन सांगितल्या जातात. पहिली ‘एपि’ + ‘ऊसिया’ (अस्तित्व, सत्त्व) : जगण्यापुरती, किंवा सर्व द्रव्यांपलीकडची भाकर. दुसरी ‘असलेल्या दिवसाची’, म्हणजे आजची. तिसरी ‘एपिऊसा’, म्हणजे ‘येणारा दिवस’, या शब्दावरून : उद्याची भाकर. पहिल्या दोहोंवर ध्वनिशास्त्राचा आक्षेप आहे. ‘एपि’पुढे स्वर आला की त्याचा शेवटचा ‘इ’ सहसा गळतो, त्यामुळे ‘एपूसिओस’ असे रूप अपेक्षित होते. या नियमाला अपवाद आहेत, म्हणून आक्षेप निर्णायक नाही. ‘एपिऊसा’मध्ये मात्र तो ‘इ’ मुळातच टिकलेला आहे, आणि ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थाने हा शब्द प्रेषितांच्या कृत्यांत (१६:११) वापरलाही आहे.

बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने एकाच शब्दाची लॅटिनमध्ये दोन भाषांतरे ठेवली : मत्तयात ‘सुपरसुब्स्तान्त्सियालेम’ (द्रव्यातीत) आणि लूकमध्ये ‘कोतिदियानुम’ (दैनंदिन). इब्री लोकांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात येथे ‘महार’, म्हणजे ‘उद्याची’, असा शब्द असल्याचेही त्यानेच मत्तयावरील भाष्यात (इ. स. ३९८) लिहून ठेवले. जुन्या सिरियाक भाषांतरात ‘नित्याची’ आणि पेशित्ता या नंतरच्या सिरियाक भाषांतरात ‘आमच्या गरजेची’ असे अर्थ आहेत. १८८९ मध्ये ए. एच. सेस यांनी ईजिप्तमधील एका पपायरसवरच्या खर्चाच्या यादीत हा शब्द वाचल्याचे प्रसिद्ध केले. ‘एका दिवसाचा शिधा’ हा अर्थ त्यावरून कोशांत शिरला. पुढे तो पपायरस गहाळ झाला आणि १९९८ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुन्हा हाती लागला. फेरवाचनात तो शब्द ‘एलायू’, म्हणजे तेल, असा निघाला. एकमेव बाहेरचा पुरावा असा नाहीसा झाला.

‘उद्याची भाकर’ हा अर्थ व्याकरणाला सर्वांत जवळचा दिसतो. ‘उद्याची चिंता करू नका’ (मत्तय ६:३४) या वचनाशी तो विसंगत आहे असे म्हटले जाते, पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिल्यास तसे वाटत नाही. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये असा नियमशास्त्राचा दंडक होता (लेवीय १९:१३), कारण सूर्य मावळताना हातात पडलेल्या पैशांवरच पुढचा घास ठरत असे. अशा माणसाने संध्याकाळी मागितलेली उद्याची भाकर म्हणजे साठा नव्हे. तेवढे मागून तो निजू शकतो.

मान्नाचे माप : विनंतीमागे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने पुरवलेले अन्न, आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. तेथील तपशील नेमका आहे. माणशी एक ओमर, म्हणजे एफाचा दहावा भाग (सु. दोन लिटर), रोज सकाळी वेचायचे. ऊन चढले की ते वितळे. दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवले तर किडे पडून घाण सुटे. सहाव्या दिवशी दुप्पट वेचायचे, आणि ते मात्र शब्बाथादिवशी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी, नासत नसे. ते धण्यासारखे व पांढरे होते. लोक ते जात्यात दळत किंवा उखळात कुटत आणि शिजवून त्याच्या पोळ्या करत (गणना ११:८). चाळीस वर्षे पुरलेला हा पुरवठा कनानातील धान्य खाल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी थांबला (यहोशवा ५:१२). १९२७ मध्ये सिनाईत गेलेल्या एफ. एस. बोडेनहायमर यांनी मान्नाचा संबंध टॅमरिस्कच्या झुडपांवरील खवले किडीच्या गोड स्रावाशी जोडला. तो स्राव उन्हाळ्याच्या काही आठवड्यांपुरता आणि थोडाच मिळतो, त्यामुळे कथेतील प्रमाण व सहाव्या दिवसाचा नियम यांचा उलगडा त्यातून होत नाही.

शिकवणीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते मोजमाप : ज्याने अधिक गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने कमी गोळा केले त्याला उणे पडले नाही. पौलाने हेच वचन वर्गणीच्या संदर्भात उद्धृत केले (२ करिंथ ८:१५), आणि तेही ‘कमालीच्या दारिद्र्यात’ असूनही सढळ हाताने देणाऱ्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचे उदाहरण देऊन. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला जेवू घालणाऱ्या सारफथच्या विधवेचे मडके (१ राजे १७) याच मापाचे आहे : कोठार कधी भरले नाही, पण मूठभर पीठ सरलेही नाही. देवाचे औदार्य विपुल आहे, पण ते हाती येते दिवसाच्या मापाने.

भाष्यपरंपरा : तिसऱ्या शतकातील बिशप सिप्रियन याने भाकरीचा अर्थ शारीरिक अन्न व प्रभुभोजन असा दुहेरी लावला. चौथ्या शतकातील बिशप निसाचा ग्रेगरी याने बजावले, की येथे चैन नव्हे, भाकर मागितली आहे; आणि अन्यायाने मिळवलेली भाकर देवाने दिलेली मानता येत नाही. ल्यूथरने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरावलीत यादीच दिली : अन्न, वस्त्र, जोडे, घर, शेत, गुरे, पैसा, चांगले सरकार, चांगली हवा, शांतता, विश्वासू शेजारी.

रीत : एकोणिसाव्या शतकात या विनंतीवर संस्था चालवल्या गेल्या. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर (१८०५–९८) यांनी १८३६ मध्ये अनाथगृह उघडले. ॲशली डाउन येथील पहिली इमारत १८४९ मध्ये सुरू झाली, आणि १८७० पर्यंत पाच इमारतींत २,०५० मुलांची सोय झाली. नियम थोडे पण कडक : कोणा माणसाकडे मागायचे नाही, कर्ज काढायचे नाही, हिशेब दरवर्षी छापायचा. छापील अहवाल हेच एक अप्रत्यक्ष आवाहन ठरते, हा आक्षेप रास्त आहे. पण तो बंद केला असता तर लोकांच्या पैशाची जबाबदारी कोणाला दिसली नसती.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) म्युलर यांचे चरित्र वाचले होते. परदेशात जसा देवावर भार टाकता येतो तसा तो हिंदुस्थानात टाकता येईल का, हा प्रश्न त्यातून आपल्यापुढे आल्याचे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात लिहिले आहे. शारदा सदन या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेला बॉस्टनच्या मंडळाने दिलेली दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपली. त्याच सुमारास, १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली व विधवा यांच्यामुळे पुण्याजवळील केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातील कुटुंब काही महिन्यांत ३०० च्या घरात गेले. गुजरातच्या १९०० च्या दुष्काळानंतर ते दीड हजाराच्या पुढे गेले. हमी संपत असताना तोंडे वाढत होती. तरी मुक्ती सदनातील भरवसा हात बांधून बसण्याचा नव्हता : विहिरी, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही कामे प्रार्थनेच्या जोडीनेच उभी राहिली.

अपप्रयोग दोन प्रकारचे. एकात विश्वास ठेवला की संपत्ती मिळतेच असे शिकवले जाते. विसाव्या शतकात अमेरिकेतून ही शिकवण पसरली. मग ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्या भुकेवर अविश्वासाचाही ठपका बसतो, आणि ही इजा गंभीर आहे. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी प्रभूमध्ये आनंद करीन, हे हबक्कूकचे शब्द (३:१७–१८) या शिकवणीत बसत नाहीत. दुसऱ्यात ‘आमची’चे ‘माझी’ होते.

‘आमची’ टिकवणारी एक साधी रीत मिझोरमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून आहे. तिला ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, म्हणतात. प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी घरची बाई मोजलेल्या तांदळातून एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. साठलेले तांदूळ मंडळीच्या स्त्रिया घरोघर जाऊन गोळा करतात आणि विकून आलेला पैसा मंडळीच्या कामाला लावतात. मूठ काढायची ती शिजवण्याआधी. जेवण झाल्यावर उरलेल्यातून नाही.