पिल्लाच्या वाट्याचा दाणा

कबुतराचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम असते, डोळे मिटलेले असतात आणि अंगावर विरळ पिवळसर लव असते. कोंबडीचे पिल्लू जन्मल्यानंतर दिवसभरातच कण्या टिपू लागते. कबुतराच्या पिल्लाला मात्र मानही धड पेलत नाही. तरीही साधारण चार आठवड्यांत ते आकाराने आईबापाच्या जवळ पोहोचते. या काळातले जवळजवळ सगळे अन्न नर किंवा मादीच्या गळ्यातून त्याच्या चोचीत आलेले असते. म्हणून ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या खुराड्यात, विणीच्या जोडीपुढे आपण जो दाणा ठेवतो, तो खरे तर दोन पिढ्यांचे पान वाढणे असते.

पहिले तीन-चार दिवस या अन्नात दाणा नसतोच. नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपुटाचे, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीचे, अस्तर अंडी उबवण्याच्या काळातच जाड होऊ लागते आणि त्याच्या स्निग्धांशाने भरलेल्या पेशी सुटून मऊ चक्क्यासारखा पिवळसर पदार्थ तयार होतो. यालाच ‘कबुतराचे दूध’ म्हणतात. जॉन हंटर या शल्यविशारदाने १७८६ मध्ये त्याचे वर्णन केले होते. पुढे १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या संप्रेरकाला ‘प्रोलॅक्टिन’ हे नाव दिले, त्याचा प्रभाव त्यांनी कबुतराच्या याच पिशवीवर मोजला होता. या दुधात दुग्धशर्करा नसते. त्यातले पाणी वजा केले, तर उरलेल्या भागात निम्म्याहून अधिक प्रथिने आणि सुमारे एक तृतीयांश स्निग्ध पदार्थ असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लाचे वजन दुप्पट होते, ते या आहाराच्या बळावर.

अडचण यानंतर सुरू होते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुधात भिजून मऊ झालेला दाणा मिसळू लागतो आणि दहाव्या दिवसाच्या आसपास पिल्लाच्या पोटात जाणारे बहुतेक अन्न दाण्याचेच असते. बाजरी, गहू, मका आणि ज्वारी यांत प्रथिने साधारण ९ ते १२ टक्के असतात. म्हणजे पंख फुटण्याच्या ऐन वेळी पिल्लाच्या आहारातील प्रथिने एकदम उतरतात आणि पंख तर जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांचेच बनलेले असतात. ही घसरण सावरायची असेल, तर मिश्रणात कडधान्ये हवीत.

हिशेब सोपा आहे. तृणधान्यांत सरासरी ११ टक्के आणि वाटाणा, हरभरा, मूग, मटकी यांसारख्या कडधान्यांत सरासरी २२ टक्के प्रथिने धरली, तर ६५ भाग तृणधान्ये आणि ३५ भाग कडधान्ये यांच्या मिश्रणात ती १५ टक्क्यांच्या जवळ येतात. विणीच्या जोडीसाठी हे प्रमाण योग्य ठरते; जोडी विश्रांतीत असताना कडधान्ये निम्म्याने कमी केली तरी चालते. मात्र केवळ टक्का पाहून भागत नाही. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मिथिओनिन कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. आपल्या ताटातील भाकरी आणि उसळ यांची जोडी शरीरशास्त्राच्या दृष्टीने हेच काम करते. स्निग्धांशासाठी करडई उत्तम, पण मूठभरच. कच्चे सोयाबीन आणि राजमा मात्र मिश्रणात घालू नये, कारण त्यांतील काही घटक पचनात अडथळा आणतात आणि कच्चा राजमा तर विषारीच असतो.

मिश्रण कितीही विचारपूर्वक केले, तरी कबूतर वेचून खाते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भांडे सकाळपासून भरून ठेवले, तर आवडीचे दाणे आधी संपतात आणि नावडते तळाशी राहतात. ती निवड मग जशीच्या तशी पिल्लाच्या गळ्यात उतरते. त्यामुळे भांड्यात काय घातले यापेक्षा संध्याकाळी त्यात काय उरले, हे अधिक लक्षपूर्वक पाहावे. पिल्ले असताना दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा दाणा द्यावा आणि उरलेला बहुतेक संपल्याखेरीज नवा घालू नये, मात्र जोडीला उपाशीही ठेवू नये. पिल्ले दोन-तीन आठवड्यांची असतानाच मादी पुढची अंडी घालते, हे लक्षात घेतले तर या काळात तिला किती लागते याचा अंदाज येतो.

अंड्याचे कवच दाण्यातून बनत नाही. धान्यात कॅल्शियम अगदी थोडे असते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत सदैव हवा. त्याच्या जोडीला बारीक कठीण खडे लागतात, कारण दात नसलेल्या या पक्ष्याचा दाणा पेषणीत, म्हणजे पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत, खड्यांच्या साहाय्यानेच भरडला जातो.

पावसाळ्यात दाणा हुंगूनच घ्यावा. कुबट वास येणारा मका किंवा शेंगदाणा स्वस्त मिळाला तरी नाकारावा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे; त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख झाली. तसेच पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले गुलाबी किंवा निळसर बियाणे धुऊनसुद्धा कबुतरांना देऊ नये. दाणा ताजा आहे का, हे पाहायचे असल्यास वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. दोन-तीन दिवसांत बहुतेकांना मोड आले, तर तो जिवंत आहे. अर्थात मोड आले म्हणून बुरशीचे विष नाही असे ठरत नाही, त्यामुळे वास आणि रंग पाहणे सुटत नाही.

शेवटची परीक्षा पिल्लाच्याच अंगावर होते. दहा-बारा दिवसांचे पिल्लू संध्याकाळी अलगद हातात घेऊन बोटांनी त्याचे अन्नपुट चाचपावे. ते भरलेले, पण लिबलिबीत असेल आणि आतले दाणे बोटाखाली एकेक सरकत असतील, तर जोडीने पुरेसा दाणा आणि त्यावर पुरेसे पाणी पाजले आहे. तेच घट्ट गोळ्यासारखे लागले, तर आधी पाण्याचे भांडे पाहावे. आणि सकाळी ते रिकामे झालेले नसेल, तर दाणा बदलण्याच्या खटपटीत वेळ न घालवता पिल्लू पशुवैद्यकाकडे न्यावे.