‘लिटल हाऊस’मधल्या विसंगती आल्या कुठून?

अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर १९७४ ते १९८३ या काळात चाललेल्या ‘लिटल हाऊस ऑन द प्रेरी’ या मालिकेतल्या चुका चाहते आजही शोधून काढतात. पण कथेची खऱ्या आयुष्यापासून फारकत मालिकेने सुरू केली नाही. ती लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी स्वतःच्या बालपणावर लिहिलेल्या मूळ पुस्तकांतच झाली होती.

इंगल्स कुटुंब कॅन्ससमध्ये राहिलं ते १८६९ ते १८७१, म्हणजे लॉरा दोन ते चार वर्षांची असताना. त्या काळावरच्या पुस्तकात ती चांगली कळती मुलगी आहे. आधीच्या पुस्तकात प्रकाशकाच्या सांगण्यावरून तिचं वय वाढवलं गेलं आणि पुढचा हिशेब सरकला. तिचा धाकटा भाऊ चार्ल्स फ्रेडरिक १८७६ मध्ये नऊ महिन्यांचा असताना गेला. पुस्तकांत तो नाहीच. मालिकेने पहिल्याच पर्वात त्याचं दुःख दाखवलं. इथे ती पुस्तकांपेक्षा खऱ्या घराच्या जवळ गेली, हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

पुढे मालिकेचा निर्माता आणि मुख्य नट मायकेल लँडनने कथा मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्ह या गावातच मुक्कामाला ठेवली. खरं कुटुंब १८७९ मध्ये डाकोटात निघून गेलं होतं. त्याच वर्षी दृष्टी गेलेल्या लॉराच्या थोरल्या बहिणीने, मेरीने, आयुष्यभर लग्न केलं नाही. मालिकेत तिला ॲडम हा शिक्षक नवरा मिळाला. दत्तक मुलगा अल्बर्ट तर पूर्ण काल्पनिक. मला हे बदल खटकत नाहीत. इतकी वर्षं गोष्ट चालवायची तर नवी माणसं लागणारच.

खटकतं ते अल्बर्टचं पुढे जे केलं ते. १९८३ च्या सुरुवातीला ‘होम अगेन’ या भागात तो मॉर्फिनच्या व्यसनातून सुटतो आणि पुढे डॉक्टर होऊन गावी परतल्याचं लॉराच्या निवेदनातून कळतं. त्याच डिसेंबरात ‘लुक बॅक टू यस्टरडे’ या चित्रपटात त्याला रक्ताचा असाध्य आजार होतो. पुस्तकं किंवा इतिहास यांचा इथे संबंधच नाही. मालिकेने स्वतःच दिलेला शब्द मोडला. व्यसनाच्या त्या भयंकर रात्री त्याच्यासोबत काढलेल्या प्रेक्षकावर हा अन्याय आहे.

फेब्रुवारी १९८४ मध्ये दाखवलेल्या पुढच्या चित्रपटात गावकऱ्यांनी आपलंच गाव सुरुंगांनी उडवलं. कॅलिफोर्नियातल्या सिमी व्हॅलीतली भाड्याची जागा मोकळी करून परत द्यायची होती, म्हणून लँडनने ती पाडापाडच कथेत घेतली. नाताळवरचा आणखी एक चित्रपट मात्र त्यानंतर, डिसेंबरात दाखवला गेला, आणि त्यातली कथा गाव शाबूत असतानाची आहे.