लायबीरियातील सुरक्षासंस्थांची पुनर्रचना

पश्चिम आफ्रिकेतील लायबीरिया या प्रजासत्ताकात दोन यादवी युद्धे झाली. पहिले १९८९–९७ (काहींच्या मते १९९६ च्या अबुजा करारापर्यंतच) आणि दुसरे १९९९–२००३ असे. त्यांनंतर तेथील सैन्य, पोलीस व गुप्तवार्ता यंत्रणा नव्याने उभारण्याचे काम २००३ पासून सुरू झाले. आंतरराष्ट्रीय परिभाषेत यास ‘सुरक्षाक्षेत्र सुधारणा’ म्हणतात. सैन्याच्या बाबतीत मात्र ‘सुधारणा’ हा शब्द तोकडा पडतो, कारण जुने सैन्य समूळ विसर्जित करून नवे भरती करण्यात आले. पोलिसांबाबत असे झाले नाही. तेथे चाळणी लावण्यावर भागवले गेले.

पूर्वपीठिका : लायबीरियन सैन्याचे मूळ नेमके कोणते, याविषयी मतभेद आहेत. सैन्याची स्वतःची परंपरा ते १८२२ पर्यंत मागे नेते. अमेरिकेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीय वसाहतवाल्यांनी केप मेसुराडो (आजच्या मन्रोव्हिया या राजधानीचे ठिकाण) येथे स्थानिक लोकांच्या हल्ल्याच्या भीतीने नागरिकांचे एक हत्यारबंद पथक उभे केले. ते या मताप्रमाणे सैन्याचा आरंभ होय. दुसरे मत १९०८ हे वर्ष धरते. त्या वर्षी फेब्रुवारीत ५०० जणांचे ‘लायबीरियन फ्रंटिअर फोर्स’ स्थापन झाले. तिसरे, काहीसे तांत्रिक मत विसाव्या शतकाच्या मध्यावरील कायदेशीर पुनर्नामकरणाला महत्त्व देते. मात्र सशस्त्र दलांविषयीचा १९५६ चा कायदा निर्णायक मानावा की फ्रंटिअर फोर्सला ‘नॅशनल गार्ड’ हे नाव मिळाले ते वर्ष (बहुधा १९६२), याबाबत या मताच्या पुरस्कर्त्यांतच एकवाक्यता नाही.

प्रस्तुत विषयापुरते १९०८ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. वसाहतवाल्यांचे पथक प्रसंगोपात्त गोळा होई, तर फ्रंटिअर फोर्स हे पगारी व कायम दल होते. त्याची स्थापना परचक्राच्या भीतीपेक्षा शेजाऱ्यांच्या तगाद्यामुळे झाली. सिएरा लिओनमध्ये ब्रिटिश आणि गिनी व आयव्हरी कोस्टमध्ये फ्रेंच होते. अंतर्भागावर प्रत्यक्ष ताबा दाखवा, नाहीतर तो भाग सोडा, असा त्यांचा सूर होता. तेव्हा सीमा राखणे आणि अंतर्भागातून झोपडीकर वसूल करणे ही दोन्ही कामे एकाच दलाकडे आली. शिपाई बहुतांशी अंतर्भागातील जमातींचे, तर वरचे अधिकारी किनाऱ्यावरील अमेरिको-लायबीरियन (म्हणजे त्या वसाहतवाल्यांच्या वंशातील) घराण्यांतले, अशी त्याची घडण राहिली. पगार वेळेवर न मिळाल्याने शिपाई ज्या गावी मुक्काम करीत त्या गावावरच पोसले जात.

दलाचा पहिला प्रमुख मेजर मॅके कॅडेल हा ब्रिटिश अधिकारी होता. १९०९ च्या आरंभी त्याने थकलेल्या पगारावरून शिपाई बंड करतील असा इशारा सरकारला दिला आणि त्यातून पेच उद्भवला. हा देश ब्रिटिश छत्राखाली आणण्याचा डाव होता, असे लायबीरियन लेखकांचे सर्वसाधारण मत आहे. दलात सिएरा लिओनमधील ब्रिटिश प्रजाजनांचा मोठा भरणा होता, ही गोष्ट त्यास पुष्टी देते. ब्रिटिश बाजू थकबाकीकडे बोट दाखवते. डाव असो वा नसो, पगार थकला होता ही गोष्ट दोन्ही बाजूंना नाकारता येत नाही. त्यानंतर कॅडेल गेला आणि १९१२ पासून अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय अधिकारी प्रशिक्षणासाठी येऊ लागले. त्यांत चार्ल्स यंग हे विशेष उल्लेखनीय होत. परकीयांकडून सैन्य घडवून घेण्याची लायबीरियातील परंपरा अशी २००३ च्या कितीतरी आधीची आहे.

फर्नांडो पो या स्पॅनिश ताब्यातील बेटावर मजूर पाठवण्याच्या प्रकरणाची राष्ट्रसंघाच्या आयोगाने १९३० मध्ये चौकशी केली. सक्तीने माणसे गोळा करण्यात या दलाच्या शिपायांचा हात होता, असे तीत दिसून आले. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंग यांना त्याच वर्षी पायउतार व्हावे लागले.

१२ एप्रिल १९८० रोजी मास्टर सार्जंट सॅम्युएल डो याने राष्ट्राध्यक्ष विल्यम टॉल्बर्ट यांची हत्या करून सत्ता घेतली. शिपायांचे राज्य आले खरे, पण लवकरच सैन्यात डोच्या क्राह्न जमातीचे वर्चस्व झाले. नोव्हेंबर १९८५ मध्ये डोचा पूर्वीचा साथीदार व माजी सैन्यप्रमुख टॉमस क्विवोंक्पा याचा उठाव फसल्यावर सैन्याने निंबा भागातील गिओ व मानो लोकांवर सूड उगवला. डिसेंबर १९८९ मध्ये बंडखोर नेता चार्ल्स टेलर याच भागातून देशात शिरला, त्यामागे हा संदर्भ आहे. जुलै १९९० मध्ये मन्रोव्हियातील सेंट पीटर्स लूथरन चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या सु. ६०० लोकांची सरकारी सैनिकांनी कत्तल केली. १९९७ मध्ये टेलर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. सैन्याची पुनर्घटना पश्चिम आफ्रिकी शांतिसेनेच्या (एकोमॉग) देखरेखीखाली व्हावी, ही अपेक्षा त्याने धुडकावली आणि सैन्याला बाजूस सारून ‘अँटी टेररिस्ट युनिट’सारखी स्वतःची दले पोसली.

करार व निःशस्त्रीकरण : टेलरने ११ ऑगस्ट २००३ रोजी पद सोडले आणि १८ ऑगस्ट रोजी अक्रा येथे सर्वंकष शांतता करार झाला. त्यातील सातव्या कलमाने सैन्याच्या पुनर्रचनेत अमेरिकेने पुढाकार घ्यावा अशी विनंती केली; आठवे कलम पोलीस व अन्य यंत्रणांविषयी होते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १५०९ क्रमांकाच्या ठरावाने १५,००० सैनिकांपर्यंतची शांतिसेना (अन्मिल) मंजूर झाली.

७ डिसेंबर २००३ रोजी शीफेलिन छावणीत शस्त्रे स्वीकारण्यास आरंभ झाला. पण अपेक्षेपेक्षा फार मोठा जमाव लोटून गोंधळ व गोळीबार झाला आणि काम थांबवावे लागले. ते एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरू झाले. आरंभी ३८,००० लढवय्यांचा अंदाज होता, नोंद मात्र एक लाखाहून अधिक लोकांची झाली आणि शस्त्रे जमा झाली सु. २८,०००. बंदुकीऐवजी ठरावीक काडतुसे आणणाऱ्यासही प्रवेश होता व प्रत्येकी ३०० डॉलर मिळत, हे ध्यानात घेतल्यास ही तफावत फारशी गूढ राहत नाही.

सैन्य : ग्यूडे ब्रायंट यांच्या हंगामी सरकारने २००५ मध्ये जुने सैन्य विसर्जित केले. सु. १४,००० जणांना नुकसानभरपाई देऊन घरी पाठवण्यात आले. युद्धापूर्वीचे सैनिक व युद्धकाळात भरती झालेले यांचा हिशेब निराळा असल्याने तक्रारी उरल्या, आणि थकबाकीसाठी माजी सैनिकांची निदर्शने पुढे अनेक वर्षे होत राहिली.

नव्या सैन्याची संख्या २,००० ठरली. मूळ विचार याच्या दुपटीचा होता. ही कपात धोक्याचे मोजमाप करून झाली की पैशाचे, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे. देशाला पेलवेल एवढेच सैन्य असावे, हे कारण अधिक संभवनीय दिसते. अमेरिकेने हे काम स्वतःच्या सैन्याकडे न देता डाइनकॉर्प (भरती व मूलभूत प्रशिक्षण) आणि पॅसिफिक आर्किटेक्ट्स अँड इंजिनिअर्स (छावण्या व पुढील मार्गदर्शन) या दोन खाजगी कंपन्यांकडे सोपवले. करार अमेरिकी परराष्ट्र खाते आणि कंपन्या यांच्यात होता. ज्या देशाचे सैन्य घडत होते तो त्यात पक्षकार नव्हता, आणि त्याच्या संसदेला तपशील विचारण्याची सोयही फारशी नव्हती. हा या प्रयोगावरील सर्वांत गंभीर आक्षेप होय. उमेदवारांच्या चारित्र्याची पडताळणी मात्र वाखाणली गेली. उमेदवारांची छायाचित्रे जाहीर करून, कोणास त्यांच्या गतकृत्यांविषयी काही सांगायचे असल्यास सांगावे, असे आवाहन केले जाई. साक्ष देणाऱ्याच्या जिवाला धोका असलेल्या समाजात ही पद्धत किती अपराधी हुडकू शकली असेल, हा प्रश्न उरतोच. नागरिकशास्त्राचे धडे अभ्यासक्रमात होते. पैसे कमी पडताच प्रथम तेच कापले गेले.

कंपन्यांचे काम २०१० च्या सुमारास संपून अमेरिकी सैन्याचे मार्गदर्शक आले. सर्वोच्च लष्करी पद दरम्यान नायजेरियाचे लूका युसुफ व नंतर सुराज अब्दुर्रहमान यांच्याकडे होते. डॅनियल झियांकान हे २०१४ मध्ये युद्धोत्तर सैन्याचे पहिले लायबीरियन प्रमुख झाले. त्याच वर्षी इबोलाच्या साथीत मन्रोव्हियातील वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती बंद करण्यासाठी सैन्य उतरवले गेले. जमावावरील गोळीबारात एक मुलगा दगावला. २०१३ पासून लायबीरियन सैनिक मालीतील शांतिसेनेत गेले.

पोलीस : येथे शांतिसेनेने जुन्या पोलिसांची छाननी करून नवी भरती केली. ३,५०० हे पहिले लक्ष्य २००७ मध्ये ओलांडले गेले. बहुसंख्य पोलीस निःशस्त्र होते. हत्यारी कामासाठी इमर्जन्सी रिस्पॉन्स युनिट काढण्यात आले. अनेक स्त्रियांचे शालेय शिक्षण युद्धाने तोडले होते, म्हणून ते झटपट पुरे करून त्यांना भरतीस पात्र करणारे वर्ग चालवले गेले.

भारताने जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांचे सु. १२५ जणांचे पथक पाठवले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतील ते पहिले महिला पोलीस पथक होय. पहिल्या तुकडीच्या प्रमुख सीमा धुंडिया होत्या. फेब्रुवारी २०१६ पर्यंत तुकड्या आळीपाळीने येत राहिल्या. त्यांच्यामुळे लायबीरियन स्त्रिया पोलिसांत येऊ लागल्या असे नेहमी सांगितले जाते. परंतु भरतीचे वर्ग व राखीव लक्ष्ये त्याच काळातील असल्याने श्रेय वेगळे काढणे अवघड आहे.

राजधानीबाहेर पोलिसांकडे वाहन असले तरी इंधन नसे. तक्रार नोंदवणाऱ्याकडूनच ते मागितले जाई. लाचेला लायबीरियन इंग्रजीत ‘कोल्ड वॉटर’, म्हणजे थंड पाणी, म्हणतात. पोलीस, न्यायालय व तुरुंग एकत्र आणणारे विभागीय केंद्र २०१३ मध्ये ग्बार्न्गा येथे सुरू झाले.

गुप्तवार्ता : एकमेकांवर कुरघोडी करणाऱ्या अनेक यंत्रणा कमी करण्यासाठी २०११ चा राष्ट्रीय सुरक्षा व गुप्तवार्ता कायदा झाला.

हस्तांतर : सुरक्षेची जबाबदारी ३० जून २०१६ रोजी सरकारकडे आली आणि शांतिसेना ३० मार्च २०१८ रोजी परतली. जानेवारी २०१८ मधील सत्तांतर हे एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाकडून दुसऱ्याकडे झालेले १९४४ नंतरचे पहिले शांततामय सत्तांतर होते व त्यात सैन्य बराकीतच राहिले.

राष्ट्राध्यक्ष जोसेफ बोआकाय यांनी २०२४ मध्ये माजी सैन्यप्रमुख प्रिन्स जॉन्सन तिसरे (याच नावाचा बंडखोर सरदार तो निराळा) यांना संरक्षणमंत्री नेमले. फेब्रुवारीत सैनिकांच्या बायकांनी पगार, निवृत्तिवेतन व छावण्यांतील हालांवरून रस्ते अडवले. सैन्यदिनाचा सोहळा रद्द झाला आणि जॉन्सन यांनी राजीनामा दिला.