कार्यालयीन ईमेल व इंटरनेट वापराचे नियम

नोकरीत मिळालेला संगणक, ईमेल खाते आणि इंटरनेट कशासाठी वापरायचे आणि त्या वापरावर मालकाने किती नजर ठेवायची, हे ठरवणारी नियमावली. रुजू होण्याच्या दिवशी ज्या कागदांवर भराभर सह्या घेतल्या जातात, त्यांतच ती बहुधा असते.

भारत सरकारने आपले ईमेल धोरण २०१४ मध्ये ठरवले. सरकारी पत्रव्यवहार सरकारी मेलसेवेतूनच करायचा, पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, असे त्याचे स्वरूप आहे. त्यात पदाचा पत्ता वेगळा आणि व्यक्तीचा वेगळा. बदली झाली की टेबलावरच्या फायलींसारखा पदाचा पत्ताही पुढच्या अधिकाऱ्याच्या हाती जातो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवरची वैयक्तिक आणि कार्यालयीन खातीही वेगळी ठेवायला सांगितले.

खरा वाद नजर ठेवण्यावरून होतो. रुमानियातील बर्बुलेस्कू या अभियंत्याने कंपनीच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. खासगी वापराला कंपनीत बंदी होती. जुलै २००७ मध्ये विचारणा झाली तेव्हा ‘फक्त कामापुरतेच वापरले’ असे त्याने लिहून दिले. त्यावर त्याच्यासमोर ४५ पानांचा गठ्ठा ठेवण्यात आला. भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले त्याचे बोलणे, अगदी प्रकृतीच्या आणि नाजूक गोष्टींसकट, त्यात शब्दशः उतरवलेले होते. त्याची नोकरी गेली. जानेवारी २०१६ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयातही तो हरला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी मात्र त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला ठाऊक होते. पण आपले संदेश उघडून वाचले जातील, याची पूर्वकल्पना त्याला दिलेली नव्हती. हा भेद फार मोलाचा आहे. यंत्र कंपनीचे असले तरी त्यावर बोलणारा माणूस कंपनीच्या मालकीचा होत नाही.

या निकालाच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. तरीही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे झुकते माप मालकाकडेच दिसते: नोकरीच्या कामासाठी किंवा व्यवसायातील गुपिते सांभाळण्यासाठी कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती वेगळी संमती न घेता वापरण्याची मुभा त्यात आहे. म्हणूनच कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, त्या कोण पाहतो आणि किती दिवसांनी पुसल्या जातात, हे सही घेण्यापूर्वी कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत लिहून दिलेले असले पाहिजे.