बशीत न रुजणारे जिवाणू

‘सारख्या गोळ्या घेऊ नकोस, अंगाला सवय होते,’ हे घरोघरी ऐकू येतं. प्रतिजैविकांच्या बाबतीत ते चूक आहे. सवय अंगाला होत नाही, निर्ढावतात ते जिवाणू. म्हणून नवी औषधं लागतात आणि ती बहुधा मातीत सापडतात. स्ट्रेप्टोमायसिन मातीतलंच. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेलं बुरशीविरोधी हामायसिन ज्या जिवाणूने दिलं, त्याचं तर नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!

अडचण अशी, की मातीतले सुमारे ९९ टक्के जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक किम लुईस आणि स्लावा एपस्टाईन यांनी मग बशीच मातीत नेली. बारीक भोकांची पट्टी, प्रत्येक भोकात साधारण एकच जिवाणू, दोन्ही बाजूंनी पातळ पडदा, आणि ही पट्टी पुन्हा मातीत पुरायची. पडद्यातून अन्नरस आत येतो, जिवाणू मात्र बाहेर पडत नाही. मेन राज्यातल्या मातीतून असा वाढवलेला एक जिवाणू टेक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक बनवतो, हे २०१५ साली जाहीर झालं.

मला भुरळ पडली ती टेक्सोबॅक्टिनच्या कामाच्या तऱ्हेची. जिवाणू आपली भिंत बांधतो तेव्हा विटा आत तयार होतात आणि लिपिडच्या, म्हणजे स्निग्ध रेणूच्या, घमेल्यातून पेशीच्या पटलापार बाहेर जातात. वीट भरलेलं हे घमेलं म्हणजे लिपिड-२. व्हँकोमायसिन हे जुनं प्रतिजैविक विटेचा कोपरा पकडायचं. जिवाणूंनी तो कोपराच बदलला. टेक्सोबॅक्टिन पकडतं वीट आणि घमेलं जोडणारा पायरोफॉस्फेटचा सांधा आणि त्याला लागून असलेली शर्करा. औषध एखाद्या प्रथिनाला पकडत असेल, तर ते प्रथिन बदलायला जनुकातलं एखादं अक्षर चुकलं तरी पुरतं. हा सांधा मात्र प्रथिन नव्हे, त्यामुळे तो बदलणं फार अवघड. प्रयोगशाळेत टेक्सोबॅक्टिनला दाद न देणारे जिवाणू तयार करायचा प्रयत्न झाला, पण ते मिळाले नाहीत.

लगेच ‘महाजंतूंचा अंत’ छापाचे मथळे आले. यश होतं उंदरांमधलं. आणि मातीत औषध असतं म्हणून जखमेवर माती थापणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, धनुर्वाताचे बीजाणूही त्याच मातीत असतात.

शिवाय ई. कोलायसारख्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं. टेक्सोबॅक्टिन ते ओलांडू शकत नाही. त्यांच्यासाठी लुईस यांचा गट मातीतल्या सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंकडे वळला. २०१९ मध्ये तिथून डॅरोबॅक्टिन निघालं.